डिसेंबरच्या थंडीत पेटती बोव्ले : रम कोणती, साखर कोणती आणि आगीचे काय?

नेकारकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टमध्ये राहतो. नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी दहा-बारा मराठी माणसे जमणार आहेत आणि या वेळी बाजारातली तयार ग्लूवाइन (मसाल्यांची वाइन) गरम करून देण्याऐवजी पाहुण्यांसमोर पेटवून करायचे एखादे गरम पेय करावे, असा घाट आम्ही घातला आहे. डोक्यात दोन प्रकार आहेत. पहिला अर्थातच इथला फॉयरत्सांगेनबोव्ले, ज्यात मसाले घालून तापवलेल्या रेड वाइनच्या भांड्यावर साखरेचा सुळका ठेवून, तो रमने भिजवून पेटवतात आणि जळती साखर थेंबाथेंबाने वाइनमध्ये उतरते. दुसरा ब्लू ब्लेझर, म्हणजे पेटती व्हिस्की या मगातून त्या मगात ओतण्याचा प्रकार. आमच्या ह्यांनी तो एका बारमध्ये पाहिल्यापासून त्यांना दुसरे काही सुचत नाही. मला मात्र पहिलाच झेपेल असे वाटते.

माझ्या शंका अशा. भारतातून आणलेली ओल्ड मंक घरात आहे, तिच्यावर 42.8 टक्के लिहिले आहे. ती चालेल का, की 54 टक्क्यांचीच रम आणावी लागेल? एका ओळखीच्यांनी तर 80 टक्क्यांची आणा असे सांगितले. वाइन किती तापवायची? घर भाड्याचे आहे, जमीन लाकडी आहे आणि छताला धूर ओळखणारे यंत्र आहे, तेव्हा हा कार्यक्रम खोलीत करावा की बाल्कनीत? शिवाय पाहुण्यांमध्ये दोन लहान मुले आहेत आणि सासूबाईही येणार आहेत. त्या घेत नाहीत, पण पाहायची त्यांना फार उत्सुकता आहे.

इझारकाठचा

ताई, तुमचा कौल बरोबर आहे, बोव्लेच करा. दोन्हींत आग असली तरी तिचे काम वेगळे आहे. ब्लू ब्लेझरमध्ये आग हाच निम्मा कार्यक्रम असतो, तर बोव्लेमध्ये आगीने साखरेचे कॅरॅमल होते आणि ती किंचित कडसर, भाजलेली गोडी वाइनला मिळते, जी नुसती साखर ढवळून कधीच येत नाही. म्युनिकला इझारटोरपाशी किंवा न्युर्नबर्गला फ्लाइशब्रुकेजवळ बाजारातल्या मोठ्या कढईतली बोव्ले तुम्ही चाखली असेल, तर घरी नीट केलेली तिच्यापेक्षा बरीच कमी गोड आणि जास्त वासाची लागते, हे तुमच्या लक्षात येईल.

दहा-बारा माणसांसाठी ड्राय रेड वाइनच्या दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर, पुरतात. श्पेटबुर्गुंडर किंवा डॉर्नफेल्डर या इथल्या वाइनपैकी एखादी घ्या. महागाची नको आणि लाकडी पिंपात मुरवलेली तर मुळीच नको, कारण लाकडाचा तुरटपणा तापवल्यावर पुढे येतो. सालीसकट वापरता येतील अशी एक संत्रे आणि एक पिवळे लिंबू (वेष्टनावर सालीवर प्रक्रिया केलेली नाही असे लिहिलेले पाहून घ्या), दालचिनीच्या दोन कांड्या, चार-पाच लवंगा, एक चक्रफूल आणि हवा असल्यास पाव लिटर संत्र्याचा रस. लवंगा वाढवायचा मोह आवरा, नाहीतर घरभर दाताच्या दवाखान्याचा वास सुटेल. हे सगळे जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा आतून कलई केलेल्या तांब्याच्या भांड्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे तापवायचे आणि 70 अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. मद्यार्क 78 अंशांना उकळतो हे एक कारण झाले; दुसरे म्हणजे उकळलेल्या वाइनमध्ये मसाल्यांचा कडवटपणा उतरतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर भांड्यावर वाफ दिसावी पण कडेला बुडबुडे येऊ नयेत, एवढी खूण पुरे.

साखरेचा सुळका 250 ग्रॅमचा असतो आणि नोव्हेंबरपासून इथल्या कोणत्याही सुपरमार्केटात मिळतो. तो ठेवायची खाच असलेली धातूची पट्टी भांड्यावर आडवी बसवायची. रम 54 टक्क्यांची, सुमारे 300 मिलिलिटर. आधी दोन-तीन पळ्या रम सुळक्यावर सगळीकडून हळूहळू सोडून ती मुरू द्यायची, मग खोलीतले दिवे मंद करून लांब काडीने पेटवायचे. ज्योत बसू लागली की लांब दांड्याच्या धातूच्या पळीने पुन्हा थोडी रम. सगळा सुळका वितळायला बराच वेळ लागतो आणि त्या वेळात गप्पांशिवाय काही करायचे नसते. शेवटी ओगराळे तळापर्यंत घालून ढवळा, कारण कॅरॅमल खाली जाऊन बसते आणि न ढवळता वाढले तर पहिल्या पाहुण्याला आंबट आणि शेवटच्याला पाक मिळतो.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो : जळत्या साखरेवर बाटलीतून थेट रम कधीही ओतायची नाही. ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटलीतून आगीचा फवारा समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर येतो. लागेल तेवढी रम आधी एका वाटीत काढून घ्या, बाटलीला बूच लावा आणि ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

रसायनवाला

वरची कृती उत्तम आहे. मी फक्त 42.8, 54 आणि 80 या आकड्यांविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्न तिथे आहे.

जळते ते द्रव नव्हे, त्यावरची मद्यार्काची वाफ. ठिणगी दिल्यावर क्षणभर भडका उडेल एवढी वाफ ज्या तापमानाला जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पाण्यातले मद्यार्काचे प्रमाण 40 टक्के असेल तर तो साधारण 26 अंश सेल्सियस असतो, 50 टक्क्यांना 24, 60 टक्क्यांना 22. सलग जळत राहण्यासाठी तापमान याहूनही थोडे जास्त लागते. म्हणूनच 20 अंशांच्या खोलीत ओल्ड मंकला काडी लावली तर बहुधा काही होत नाही आणि तीच रम कोमट केली की सहज पेट घेते. 42.8 हा आकडा जुन्या ब्रिटिश मोजणीतून आलेला आहे. त्या मोजणीत 57.15 टक्के मद्यार्काला 100 अंश प्रूफ म्हणत आणि भारतातल्या बाटल्यांवर जे 75 अंश प्रूफ छापलेले असते, ते त्याचे तीन-चतुर्थांश, म्हणजे 42.8 टक्के.

तेव्हा ओल्ड मंक पेटेल, पण बोव्लेसाठी ती अपुरी आहे आणि त्याचे कारण पेटण्यात नसून पाण्यात आहे. मद्यार्क जळून जातो तसे मागे पाणी उरते. त्या पाण्यात साखर नुसती विरघळून खाली गळते, तिचे कॅरॅमल होत नाही. कॅरॅमलसाठी साखरेचा पृष्ठभाग 160 अंशांच्या वर जावा लागतो आणि ओल्या साखरेवर हे घडत नाही. 54 टक्क्यांच्या रममध्ये ज्योत टिकते आणि पाणी कमी उरते. 80 टक्क्यांची रम यासाठी कोणी सुचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची ज्योत उंच जाते, ती लवकर पसरते आणि चवीत काही भर पडत नाही.

वाइन 70 अंशांच्या वर नेऊ नका असे वर म्हटले आहे, त्याचे आणखी एक कारण सहसा कोणी सांगत नाही. दहा टक्के मद्यार्काच्या मिश्रणाचाही फ्लॅश पॉइंट 49 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तुमची गरम वाइन स्वतःच त्याच्या पलीकडे गेलेली असते. जळता थेंब पडल्यावर तिच्या पृष्ठभागावर निळसर ज्योत फिरताना दिसते ती यामुळे. हे नेहमीचेच आहे, घाबरण्यासारखे नाही. पण वाइन जितकी जास्त तापलेली, तितकी ती ज्योत मोठी. म्हणून भांड्यावर घट्ट बसणारे धातूचे झाकण हाताशी हवेच आणि आग आवरायची असेल तर पाण्याचा तांब्या न उचलता झाकण घालावे, कारण पाण्याच्या धारेने जळते थेंब टेबलावर उडतात.

मद्यार्काची वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असते. ती वर न जाता टेबलावरून खाली उतरते. रमची वाटी आणि भांड्याखालचा बर्नर किंवा मेणबत्ती शेजारीशेजारी ठेवू नका. स्पिरिटचा छोटा बर्नर वापरत असाल तर तो गरम असताना त्यात स्पिरिट भरू नका. पाहुण्यांसमोरची बरीच अग्निदिव्ये तिथूनच सुरू होतात.

मांडवीकाठचा बारवाला

मी पणजीत बारच्या मागे उभा राहतो, म्हणून ब्लू ब्लेझरची बाजू मांडतो आणि शेवटी तुमच्या यजमानांना तो करू नका असेच सांगतो.

हा प्रकार अमेरिकेतल्या जेरी थॉमस या बारटेंडरच्या नावाशी जोडलेला आहे. त्याने 1862 साली कॉकटेलच्या कृतींचे पुस्तक काढले, त्यात ही कृती आहे : एक वाइनग्लास स्कॉच, तेवढेच उकळते पाणी, दोन्ही एका मगात घालून पेटवायचे आणि जळत असताना चार-पाच वेळा या मगातून त्या मगात ओतायचे, मग चमचाभर साखर आणि लिंबाच्या सालीचा तुकडा. तापमान साधारण उणे 12 अंशांच्या खाली गेल्याशिवाय थॉमस हे पेय करून देत नसे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, हे कडाक्याच्या थंडीतले पेय आहे हे मात्र पहिल्या घोटातच कळते.

रसायनवाले यांनी दिलेल्या आकड्यांवरून याचीही मेख कळेल. व्हिस्कीत निम्मे पाणी घातल्यावर ती खरे तर पेटायला नको, पण पाणी उकळते असल्याने मिश्रण गरम राहते आणि वाफ भरपूर निघते. दोन्ही मग गार असतील तर सगळे ओम् फस्. म्हणून ते उकळत्या पाण्याने आधी तापवून घ्यावे लागतात आणि व्हिस्की 55-60 टक्क्यांची, पिंपातून न पातळ करता भरलेली असेल तर काम सोपे होते.

अडचण हाताची आहे. मद्यार्काची ज्योत फिकट निळी असते आणि उजेडात ती जवळजवळ दिसत नाही. मगाच्या ओठावरून ओघळलेली धार बोटांवर येते, ती जळत असते आणि ते डोळ्यांना कळायच्या आधी कातडीला कळते. अशा क्षणी माणूस मग टाकून देतो, आणि खाली तुमची लाकडी जमीन. थॉमसच्याच पुस्तकात नवशिक्याला बजावले आहे की भाजून घेऊ नये आणि आधी बरेच दिवस थंड पाण्याने सराव करावा. आम्ही नव्या मुलांना ओट्यावर ओला टॉवेल पसरून तेच करायला लावतो. धार मनगटातून सुटायला हवी, खांद्यातून नव्हे. मग एकमेकांपासून वीतभर अंतरावर सुरू करून हळूहळू लांब न्यायचे. आणि विझवताना एका मगाचे बूड दुसऱ्याच्या तोंडावर टेकवायचे. हे अंगवळणी पडल्याशिवाय आगीशी गाठ घालू देत नाही.

जाता जाता : गोव्यात येणारे पाहुणे काजूची फेणी पेटवून मागतात. तीही 42.8 टक्क्यांचीच असते, कोमट केली की पेटतेही, पण फेणीत जे काही आहे ते तिच्या वासात आहे आणि तोच तुम्ही जाळून टाकता. उराक (फेणीच्या आधी निघणारी काजूचीच हलकी दारू) तर 15 टक्क्यांच्या आसपास असतो, त्याला काडी लावत बसणे हा नुसता काडीचा अपव्यय.

नेकारकाठची

आपणा सर्वांचे आभार. ब्लू ब्लेझरचा विषय आमच्या घरात आता संपला आहे. ह्यांना थंड पाण्याने सराव करायला सांगितले, तेव्हा उत्साह आपोआप ओसरला. 54 टक्क्यांची रम आणते आणि ओल्ड मंक तिच्या नेहमीच्या कामासाठी ठेवते. दोन गोष्टी राहिल्या : बाल्कनी की खोली, आणि मुलांना या बोव्लेतला घोटभर द्यायला हरकत नाही ना? पेटवल्यावर मद्यार्क जळून जातो असे आमच्या ग्रुपमध्ये सगळेच म्हणत आहेत.

रसायनवाला

मुलांना अजिबात देऊ नका. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार दारू ओतून पेटवलेल्या पदार्थात ज्योत विझल्यावर सुमारे 75 टक्के मद्यार्क शिल्लक राहतो. ज्योत विझते ती मद्यार्क संपला म्हणून नव्हे, तर तो पुरेशी वाफ देण्याइतका उरला नाही म्हणून. बोव्लेमध्ये तर जळते ती फक्त वरची रम, खालच्या दीड लिटर वाइनला फारसा धक्का लागत नाही. वर दिलेल्या मापाने हिशेब केला तर काहीही जळले नाही असे धरून मिश्रण सुमारे 16 टक्क्यांचे होते. थोडी रम जळाल्यावर ते त्याहून खाली येईल, पण साध्या वाइनपेक्षा फार सौम्य होणार नाही. गरम आणि गोड असल्याने ते भराभर पोटात जाते, हे मोठ्यांनीही ध्यानात ठेवावे. परत गाडी चालवत जाणारे कोणी असतील तर त्यांना वेगळ्या भांड्यातले बिनमद्याचे पेय द्या. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा रक्तात दर हजारी 0.5 आहे आणि नव्या परवानाधारकांसाठी शून्य.

इझारकाठचा

मुलांसाठी आणि तुमच्या सासूबाईंसाठी लाल द्राक्षांचा रस आणि सफरचंदाचा रस समप्रमाणात घेऊन त्यात हेच मसाले आणि संत्र्याच्या चकत्या घाला. इथे किंडरपुन्श म्हणतात तो हाच. तो वेगळ्या भांड्यात, वेगळ्या टेबलावर ठेवा आणि ओगराळेही वेगळे असू द्या. त्यांना ज्योत पाहायला मिळाली म्हणजे झाले, फक्त मुलांना टेबलापासून दोन हात लांब बसवा.

जागेविषयी बोलायचे तर मी बाल्कनीच्या विरुद्ध आहे. वाऱ्याने ज्योत आडवी होते, नेमकी कोणाच्या तरी ओढणीकडे किंवा मफलरकडे जाते, आणि साखर एकाच बाजूने जळते. शिवाय बऱ्याच इमारतींच्या नियमांत बाल्कनीत उघडी आग चालत नाही. खोलीतच, पण छताच्या यंत्राच्या बरोबर खाली नाही, खिडकी किलकिली करून. यंत्र काढून ठेवू नका किंवा त्यावर पिशवी बांधू नका. मद्यार्काच्या ज्योतीला काजळी जवळजवळ नसते. धूर होतो तो साखर करपून काळी पडली तर. टेबलावर ओव्हनचा मोठा ट्रे ठेवून त्यात भांडे ठेवले की उडालेले थेंब ट्रेमध्येच राहतात. वर कागदी आकाशकंदील किंवा झिरमिळ्या टांगलेल्या असतील तर त्या दिवसापुरत्या उतरवा. दिवाळीतला कंदील नाताळापर्यंत लटकत ठेवायची आपली सवय सगळ्यांना माहीत आहे.

पर्वतीच्या पायथ्याशी

पुण्यात बसून हा धागा वाचणाऱ्यांसाठी थोडी भर. इकडे साखरेचा सुळका मिळत नाही आणि दुकानांत रम सहसा 42.8 टक्क्यांचीच असते, तरी या थंडीत काम भागते. पातेल्याच्या तोंडावर स्टीलचा मोठा झारा आडवा ठेवायचा आणि त्यावर साखरेच्या वड्या रचायच्या. झारा सपाट आणि रुंद भोकांचा हवा; बुंदीचा नको, त्याची भोके पाकाने बुजतात. खडीसाखर कामाची नाही, कारण तिचा खडा घट्ट असतो, रम त्यात मुरत नाही, वरून निथळून जाते. कोल्हापुरी गुळाची ढेप ठेवून पाहायचा मोह अनेकांना होतो, पण गुळात मुळातच ओल असते. तो पेटण्याआधी मऊ होतो आणि गोळ्याने वाइनमध्ये पडतो. गुळाची चव हवीच असेल तर तो थोडासा किसून आधीच वाइनमध्ये विरघळवा. रम कोमट करायची ती गॅसवर धरून नव्हे. गॅस बंद करून, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून.

कॅरॅमल जर्मनीइतके होत नाही, हे रसायनवाले यांचे म्हणणे खरे आहे, पण आपल्याकडे एक गोष्ट सरस आहे. डिसेंबरात नागपुरी संत्री ऐन भरात असतात आणि त्यांची साल सैल असल्याने आतला पांढरा कडू भाग तिच्याबरोबर फारसा येत नाही. सालीचा बाहेरचा भाग ज्योतीच्या दिशेने चिमटीत दुमडला की तेलाचे तुषार उडून ठिणग्या चमकतात आणि वास थेट वाइनमध्ये उतरतो. वाइन नाशिककडची, कोवळी, कॅबर्ने किंवा शिराझ जातीची घ्या.

मांडवीकाठचा बारवाला

सालीची युक्ती चांगली आहे; फक्त साल धरलेला हात ज्योतीच्या बाजूने न्या, वरून नको.

आणखी एक गोष्ट, कारण थंडीचा विषय आहे. असे पेय घेतल्यावर ऊब वाटते, कारण मद्यार्काने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता बाहेरच्या बाजूला येते. म्हणजे प्रत्यक्षात शरीर ती गमावत असते. दोन मग झाल्यावर मंडळी जाकीट न घालता बाल्कनीत गप्पा मारायला जातात. त्यांना जाकीट घालायला लावा. आणि वाढायला जाड मातीचे मग घ्या, आधी गरम पाण्याने विसळून. पातळ काचेच्या ग्लासात गरम बोव्ले ओतली तर तडा जातो. मगात ज्योत दिसत असेल तर ती बशीने झाकून विझवून, कड निवल्यावरच तोंडाला लावायची.

इझारकाठचा

उरलेली बोव्ले गाळून, मसाले आणि संत्र्याच्या चकत्या काढून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी मंद आचेवर पुन्हा गरम करता येते. चकत्या रात्रभर आत राहिल्या तर ती कडू होते. धातूच्या पट्टीवर जमलेले कॅरॅमल तारेच्या घासणीने खरवडत बसू नका. पट्टी त्याच भांड्यात उभी करून वर उकळते पाणी ओता, अर्ध्या तासात ते आपोआप सुटते.